फ्रॉक चुरगळू नये म्हणून

आमची धाकटी म्हणजे माझी जाऊ. मनानं चांगली, हातानं चटपटीत, पण एकदा डोक्यात काही घेतलं की जगानं कितीही बोंब मारली तरी करणारच. मी थोरली, त्यामुळे तिला बोलायचा हक्क माझा आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचा हक्क तिचा. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून आमचं हे असंच चाललंय.

आम्ही दोघी इस्त्री करतो. एका चार मजली बिल्डिंगच्या जिन्याखाली आमची दोन टेबलं आहेत, एक तिचं, एक माझं. डोक्यावर जिना असल्यामुळे मान जरा वाकवूनच उभं राहायचं. शेजारी मीटरची खोली, तिथूनच इस्त्रीची वायर ओढलेली. सकाळी घराघरातून गाठोडी येतात आणि संध्याकाळी घड्या घालून आम्ही त्या वर पोचवतो. दिवस मावळेपर्यंत पोटऱ्यांचे गोळे होतात आणि उजवा खांदा आपला आहे की परका तेही कळत नाही. नवरे आमचे दोघे भाऊ मालाच्या ट्रकवर, म्हणजे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मला मूल नाही. धाकटीला एकच मुलगी, चिमी. धाकटी तिची आई आणि मी मोठी आई, ओरडा मात्र तिला दोघींचा सारखाच मिळतो.

काम करताना धाकटीची बडबड चालू असते, आणि तीही कपड्यांशी. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची पँट हातात आली की म्हणणार, "काय साहेब, पोट सुटलं वाटतं! कमरेची शिवण उसवायला लागली की हो." मी म्हणते, गप गं बाई, जिन्यावरून कुणी ऐकेल. ती म्हणते, ऐकू दे की, मी काय खोटं बोलतेय? तिच्या या बडबडीवरच माझे कित्येक दिवस ढकलले गेलेत, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. उगाच शेफारायची.

ही जिन्याखालची जागा आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मिळवून दिली. बिल्डिंगच्या कारभारात त्यांचा शब्द चालतो. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांच्या डोळ्यांत आम्ही कायम खुपतो, येताजाता नाक मुरडतात, मीटिंगमध्ये विषय काढतात. पण काकू म्हणतात 'राहू दे', म्हणून आम्ही आहोत. त्यांनी उद्या 'नको' म्हटलं तर टेबलं उचलायची आणि घरी बसायचं, दुसरं काही नाही. आम्हाला फुकटची जागा आणि ओढून घेतलेली वायर कोण देणार? त्यामुळे काकूंच्या घरचं गाठोडं आलं की आम्ही ते सगळ्यात आधी सोडतो.

आमच्या धंद्याचा एकच नियम, सासूबाईंनी शिकवलेला. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही. थंडीनं दात वाजत असले तरी कुणाची शाल खांद्यावर टाकायची नाही. "दुसऱ्याचा कपडा म्हणजे दुसऱ्याचं ताट," म्हणायच्या, "त्याला तोंड लावायचं नाही." मी तो नियम पाळला. धाकटीनंही पाळला, खोटं कशाला बोलू. चिमीच्या शाळेत फोटो काढायला माणसं येईपर्यंत पाळला.

झालं असं की एक दिवस चिमी शाळेतून नाचतच आली. कुठलीशी संस्था गरीब मुलांच्या शिक्षणावर फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. लोकांनी यावं, फोटो बघावेत आणि शाळेला मदत करावी असा त्यांचा बेत. त्यासाठी उद्या फोटोवाली येणार आणि बाईंनी निरोप दिला होता, उद्या गणवेश घालायचा नाही, घरातले कपडे घालून यायचं.

आता बघा, हा निरोप संस्थेकडून निघाला तेव्हा त्याचा अर्थ एक होता. मुलं घरात जशी असतात तशी दिसू देत, फाटकी म्हणा, विटकी म्हणा. पण तो आमच्या वस्तीत पोचेपर्यंत त्याचा अर्थ पार उलटा झाला. फोटो म्हटल्यावर कोण आई आपलं पोर घरच्या अवतारात पाठवेल? 'घरातले कपडे' म्हणजे घरातले सगळ्यात चांगले, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

धाकटीचं मात्र घोडं तिथेच अडलं. "गणवेश असता तर प्रश्नच नव्हता," ती म्हणाली. "गणवेशात सगळी सारखी. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघड्यावर काय दाखवू?" चिमीचे घरातले कपडे म्हणजे एक झगा छातीवर विटलेला आणि दुसऱ्याची खालची दुमड पुन्हा पुन्हा सोडून खाली आणलेली.

मी म्हटलं, "आहे तो घाल. धुवून घाल, झकास इस्त्री करते मी."

"फोटो आहे ताई. झगा आज आहे नि उद्या पायपुसणं होईल. फोटो राहतो."

आणि त्याच दिवशी नेमका काकूंच्या उशिरा आलेल्या गाठोड्यात त्यांच्या नातीचा पिवळा फ्रॉक होता. पांढरी कॉलर, पुढं बारीक चुण्या, मागं बो. नात चिमीच्याच वयाची. धाकटीनं तो इस्त्री करून खिळ्याला टांगला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या संध्याकाळी द्यायचाय हा."

मी काय ते ओळखलं. "खबरदार," म्हटलं.

"सकाळी घालते, दुपारी काढते. धुते, वाळवते, इस्त्री करून वेळेवर वर पोचवते. कुणाला कळणार आहे?"

"सासूबाई असत्या तर थोबाड फोडलं असतं तुझं."

"नाहीत ना आता," ती म्हणाली. मी तिला बोलले ते काही कमी नाही. पण मी बोलत होते आणि ती घडी घालत होती.

सकाळी चिमी त्या फ्रॉकमध्ये अशी काही दिसली की माझंच तोंड बंद झालं. धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक गोष्ट तिच्या डोक्यात भरवायला लागली. शाळेत खाली बसायचं नाही, फरशीनं मळतो. भिंतीला टेकायचं नाही, चुना लागतो. पळायचं नाही, चुरगळतो. चिमीनं सगळ्याला मान डोलावली. एरवी आईचं एक ऐकत नाही पोरगी, पण त्या दिवशी अक्षरन्अक्षर ऐकलं.

पुढचं आम्हाला बाईंनी सांगितलं. फोटोवाली दारात आली आणि तिथेच थबकली. वर्गात नुसती वरात! एक पोरगा मामाचा कोट घालून आलेला, हात बाह्यांतून बाहेरच येत नव्हते. एकाच्या पायात थोरल्या भावाचे बूट, कागदाचे बोळे भरलेले. एका पोरीला तर आईनं ओठ रंगवून पाठवलं होतं. सगळ्यांचे केस चापूनचोपून बसवलेले, तोंडाला पावडर. फोटोवालीनं बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अहो, ती गरीब मुलं कुठे आहेत?"

"हीच," बाई म्हणाल्या.

बिचारीची पंचाईतच झाली. मग तिनं कुठं पोपडे उडालेल्या भिंतीचा फोटो काढ, कुठं नुसत्या हातांचा काढ, असं करत वेळ काढला. निघता निघता तिचं लक्ष मागं गेलं. सगळी मुलं फरशीवर बसलेली आणि एकटी चिमी खिडकीशी उभी. वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, मान खाली घालून लिहीत होती. बाईंनी तिला कितीदा सांगितलं बस म्हणून, तर म्हणे आई रागावेल. फोटोवालीनं तिचे पाचपन्नास फोटो काढले आणि खूश होऊन गेली.

दुपारी फ्रॉक धुतला, संध्याकाळी वर पोचवला. सुटलो बाई एकदाचे, असं वाटलं. धाकटी दोन दिवस माझ्याशी जरा दबून वागली आणि मग पुन्हा साहेबांच्या पँटशी गप्पा सुरू झाल्या.

काही आठवड्यांनी बाई स्वतः जिन्याखाली आल्या. हातात प्रदर्शनाचं कार्ड. त्यावर चिमी! पण काय सांगू, फोटोत रंगच नव्हता, नुसता काळा-पांढरा. एवढा पिवळाधमक फ्रॉक, पण त्यात करडा दिसत होता, धुऊन धुऊन विटल्यासारखा. खिडकीतून उजेड आलेला, पोर खाली मान घालून उभी, बाकी सगळी बसलेली. आणि खाली छापलेलं, 'बसायला जागा नाही, तरी शिकायची जिद्द.'

धाकटीनं ते दोनदा वाचलं. "अहो बाई, हिला जागा होती की."

"होती हो," बाई ओशाळून म्हणाल्या. "मला विचारून थोडंच छापलंय? आता कार्डं सगळीकडे गेलीत. आणि खरं सांगू का, या फोटोवर लोक बाकं द्यायला तयार झालेत. सगळ्या वर्गाला. पोरं फरशीवर बसतात हे काही खोटं नाही ना? तेव्हा तुम्ही काही बोलू नका. फक्त उद्घाटनाला चिमीला घेऊन या, आणि त्याच फ्रॉकमध्ये आणा. पाहुण्यांना ओळखू आली पाहिजे, असं कळवलंय त्यांनी. अहो, तुमच्या बिल्डिंगमधल्या काकूपण संस्थेत आहेत ना, त्याच फीत कापणार आहेत."

बाई गेल्या. आमच्या दोघींच्या इस्त्र्या कपड्यांवर तशाच, तापत. माझ्या इस्त्रीखालच्या शर्टाच्या कॉलरला करपल्याचा वास यायला लागला तेव्हा मी स्विच बंद केला.

"करायला गेलीस काय आणि वर झाले पाय," मी म्हटलं. "आता निस्तर. चिमीला ताप आलाय म्हणून सांग. नाहीतर फ्रॉक फाटला म्हण, उंदरानं कुरतडला म्हण."

"उंदीर ट्रकवर असतात, आपल्या घरात खायला काय आहे त्यांना," ती म्हणाली. हसली नाही पण. मग म्हणाली, "मी वर जाऊन काकूंना सांगते."

"वेडी का खुळी? हात दाखवून अवलक्षण कशाला? टेबलं जातील आपली!"

"काकू चिमीला हॉलमध्ये बघतील, फोटोतला फ्रॉक कुठंय विचारतील. मग एक थाप, तिच्यावर दुसरी थाप. माझ्यात दम नाही ताई आता. दिवसभर इस्त्री ओढायची आणि रात्री थापा आठवत बसायचं. लपवायलाही अंगात ताकद लागते."

मी तिच्याबरोबर जिना चढले. तीन मजले चढताना मला सासूबाईंची आठवण झाली आणि आमच्या दोन टेबलांची.

काकू घरात एकट्याच होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात. हे बघितलंत का?" आणि तेच कार्ड धाकटीच्या हातात दिलं. "काळीज तुटतं गं बघून. एवढीशी पोर, उभ्यानं लिहितेय. कुठल्या घरातली असेल, काय खात असेल देव जाणे. मी तर रडलेच."

मी धाकटीकडे बघितलं. चिमी रोज शाळा सुटली की आमच्या टेबलाखाली दप्तर टाकते, जिन्यावर उड्या मारते, येताजाता काकूंना 'काकू काकू' करते. काकूंनी तिला कितीतरी वेळा 'सरक गं बाजूला' म्हटलेलं आहे. त्या वाईट बाई नाहीत. पण ओळखलं नव्हतं.

"काकू," धाकटी म्हणाली, "ही आमची चिमी आहे."

काकूंनी कार्ड परत घेतलं, चष्मा लावला, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "आपली चिमी? जिन्यातली?"

"हो. आणि फ्रॉक तुमच्या नातीचा आहे. पिवळा. इस्त्रीला आला होता, तेव्हा मी घातला तिला. एकच दिवस. चूक झाली." बोलली आणि हात जोडून उभी राहिली.

काकू उठल्या आणि आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. संपलं, म्हटलं, आजच टेबलं उचलायची. काकू फ्रॉक घेऊन बाहेर आल्या आणि तो त्यांनी सोफ्याच्या हातावर ठेवला.

"मागितला असतास तर दिला असता," म्हणाल्या.

हे असं सगळे म्हणतात. मागायला तोंड कुठून आणायचं, ते कुणी सांगत नाही.

"पण ती उभी का होती?" काकूंनी विचारलं.

"मीच बसू नको म्हटलं होतं. फ्रॉक चुरगळू नये म्हणून."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे बसायला जागा नाही वगैरे..." मग एकदम दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "हे बाहेर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं. देणगीवाल्यांकडे मी स्वतः गेलेय हे कार्ड घेऊन. मी थकलेय आता, घरात सून म्हणते कशाला नसते उद्योग करता. तर असं करा, हा फ्रॉक घेऊन जा आणि तिला घालून आणा. कुणी विचारलं तर जे कार्डावर लिहिलंय तेच सांगायचं. आपल्या तिघींतच राहू दे हे." आणि फ्रॉककडे बघत पुढं म्हणाल्या, "ते पहिल्या मजल्यावरचे वकील पुन्हा जिन्याखालच्या जागेचं काढतायत. मी सांभाळून घेते त्यांना."

धमकी म्हणावी तर धमकी नव्हती. पण आम्ही काही दूधखुळ्या नाही.

उद्घाटनाच्या दिवशी हॉल माणसांनी भरलेला. भिंतीभर फोटो, त्यांच्यावर दिवे, आणि समोरच्या भिंतीवर दारापेक्षा मोठी चिमी. लोक तिच्यासमोर येत, गप्प होत, हळहळत. पोर उभ्यानं शिकते म्हणून सगळ्यांचे डोळे ओले. माझ्या मनात आलं, आम्ही दोघींनी जन्म उभ्यानं काढला, आमचा एक फोटो काढायला कुणी आलं नाही. पण हे मोठ्यानं बोलायची ती जागा नव्हती. चिमी आपली फ्रॉकचा बो सारखा चाचपत स्वतःच्या फोटोकडे बघत होती. "मोठी आई," ती माझ्या कानात म्हणाली, "माझा फ्रॉक असा का दिसतो?"

काकूंनी फीत कापली. टाळ्या झाल्या. मग चिमीला पुढं घेतलं आणि एक म्हातारे गृहस्थ, बाकं देणारे तेच, वाकून तिला म्हणाले, "काय बाळ, बसायला जागा मिळत नाही ना तुला शाळेत?"

चिमीनं आईकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. सगळा हॉलच धाकटीकडे बघत होता म्हणा ना.

ही बाई कुणापुढं कधी दबली नाही. रस्त्यात कुणी वाकडं बोललं तर पळवून लावणारी. मला वाटलं आता बोलते काहीतरी. मला वाटलं, बोलावं तिनं. जागा गेली तरी चालेल, असंही एक क्षण मनात आलं, खरंच आलं.

"नाही मिळत हो साहेब," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "उभ्यानंच शिकते."

"घरी तरी अभ्यासाला टेबल वगैरे?"

"नाही. गरिबी आहे."

शेजारच्या एका बाईंनी चिमीच्या चुण्यांवरून हात फिरवला. "फोटोतलाच आहे ना हा? एवढा एकच चांगला असेल हिला."

"एकच," धाकटी म्हणाली. "तोही दिलेला. काकूंनी दिला."

लोक काकूंकडे वळले. किती मोठं मन हो तुमचं, असं काहीबाही म्हणायला लागले. काकू मान खाली घालून नको नको म्हणत राहिल्या, आणि ती मान त्यांनी खरंच शरमेनं घातली होती, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. आम्हाला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

परत येताना चिमी मधे, आम्ही दोन बाजूंना. ती विचारत होती, "आई, तू जागा नाही का म्हणालीस? बाई तर मला बस म्हणत होत्या. आणि टेबल आहे की आपल्याकडे, इस्त्रीचं." मी म्हटलं, चिमे, गप चाल, पुढं गाड्या आहेत.

कोपऱ्यावर धाकटी थांबली. एका दुकानाच्या पायरीवर बसलीच. भर रस्त्यात, संध्याकाळची. एवढी सरळ उभी राहणारी बाई, पण अंगातली हवाच गेलेली. आणि रडायला लागली.

"मी चोरी केली ताई," ती म्हणाली. "केली ती केली. कशासाठी केली? माझी पोर चार लोकांत गरीब दिसू नये म्हणून ना? आणि आज भर हॉलमध्ये माझ्याच तोंडानं मी तिला..." चिमी तिच्या पदराचं टोक धरून उभी राहिली.

मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला, इतकंच.

शाळेत बाकं आली. चांगल्या लाकडाची, मजबूत. मी जाऊन बघून आले. आमची टेबलंही जिन्याखालीच आहेत आणि वायरही आहे, वकील मीटिंगमध्ये गप्प बसले म्हणे. काकू जाता-येता पूर्वीपेक्षा जास्त चौकशी करतात, चिमीला नावानं हाक मारतात. पिवळा फ्रॉक त्यांनी परत घेतला नाही. आता नातीला नको, असू दे तुमच्याकडेच, असं म्हणाल्या.

प्रदर्शनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचं गाठोडं नेहमीसारखं आलं. धाकटीनं ते नेहमीसारखं सगळ्यात आधी सोडलं. चादरी निघाल्या, काकांचे शर्ट निघाले, सुनेचे कुर्ते निघाले. धाकटीनं खालपर्यंत हात घातला, पुन्हा वरपासून एकेक कपडा बाजूला करून बघितला.

"ताई, नातीचे कपडे नाहीत."

"राहिले असतील. विसरल्या असतील," मी म्हटलं. "उद्या येतील."

"विसरल्या नाहीत," ती म्हणाली आणि वरचा शर्ट टेबलावर पसरला.